आवाज बंद ठेवून पाहिलेला उन्हाळा

वृत्तवाहिनीच्या संकलन विभागात तिला सगळे कात्री म्हणत. खरी कात्री त्या खोलीत एकच होती आणि तीही दुधाच्या पिशव्या फोडण्यापुरती. बाकीची कापाकापी संगणकावर चाले. पण नाव पडलं ते पडलं. नव्यानं लागलेली मंडळी कात्रीताई म्हणत, एवढाच काय तो मान.

हवामानबदलाच्या बातम्या तिच्याकडे येत, कारण बाकीच्यांना त्या नको असत. निवडणुकीत माणसं धावतात, सामन्यात चेंडू धावतो, दरोड्यात निदान पोलीस तरी धावतात. हवामान जागचं हलत नाही. ते बदलतं, आणि तेही कॅमेऱ्याला कळू न देता. मग दाखवायचं काय, या प्रश्नाचं उत्तर वाहिनीनं फार पूर्वीच शोधून ठेवलं होतं आणि पुन्हा तिकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. संगणकावर एक कप्पा होता. त्यात धूर ओकणारी धुराडी होती, भेगाळलेली जमीन होती, समुद्रात कोसळणारा बर्फाचा कडा होता आणि बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं असलेलं पांढरं अस्वल होतं. हे अस्वल इतकी वर्षं सेवेत होतं की संकलन विभागात त्याला भाऊसाहेब म्हणत. समुद्र वर आला, फुलं वेळेआधी फुलली, विम्याचे हप्ते वाढले, बातमी कुठलीही असो, भाऊसाहेब हजर. "भाऊसाहेब लावले का?" असं वृत्तसंपादक दारातूनच विचारत आणि कात्री मान डोलावे. आधी धुराडं, मग भाऊसाहेब, मग भेगा आणि शेवटी आशेला जागा हवी म्हणून उन्हावर वीज करणाऱ्या काळ्या पट्ट्या. हा क्रम तिला झोपेत लावता आला असता, आणि दुपारच्या जेवणानंतर तो बहुधा तसाच लागे.

उष्णतेच्या लाटेचा कप्पा वेगळा होता, आणि तो भलताच आनंदी होता. चौकातल्या कारंज्यात उड्या मारणारी पोरं, ओघळणारं आइस्क्रीम घाईनं चाटणारी मुलगी, सावलीत जीभ बाहेर टाकून पडलेला कुत्रा, गॉगल लावून हसणारी कॉलेजची टोळी. निवेदिका पडेल आवाजात सांगे की इतकी माणसं रुग्णालयात दाखल झाली आहेत, आणि त्याच वेळी पडद्यावर पोरं धपाधप कारंज्यात पडत. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नसे, कात्रीलाही नाही. कारंज्याचं पाणी उन्हात झकास चमकतं. चमकणारी गोष्ट कापायला हात धजत नाही. हा या धंद्यातला दोष आहे आणि तो सगळ्यांनी मिळून सांभाळलेला आहे.

एकंदरीत ती सुखी बाई होती. काम हाताला बसलेलं, नवरा न सांगता स्वयंपाक करणारा, घर तळमजल्यावर, त्यामुळे जिन्यांची कटकट नाही. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी, वडिलांपाशी.

अप्पा शहरबसचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी जिना उतरताना वळणावर त्यांचे हात आपोआप फिरत. आई गेल्यापासून ते एकटेच एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत. डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर ऊन. ते छत दिवसभर ऊन पीत बसे आणि पहाटेपर्यंत थोडं थोडं खोलीत सोडत राही. यंदाच्या उन्हाळ्यानं तर ताळच सोडला होता. मोरीतल्या स्टुलावरून उठताना अप्पांना एकदा चक्कर आली आणि पडल्याचा आवाज ऐकून शेजारी धावले. त्यांनी दोष स्टुलावर ढकलला आणि शिक्षा म्हणून स्टूल दाराबाहेर ठेवून दिलं.

कात्रीनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी अप्पांना बाहेर बसवून तिला स्पष्ट सांगितलं, की दुपारी त्यांना त्या खोलीत राहू देऊ नका. या वयात तहान वेळेवर कळत नाही, अंग तापत जातं आणि माणूस कसलीही तक्रार न करता बसल्या खुर्चीत जातो. पुढची चक्कर मोरीतच येईल आणि शेजारी ऐकतील, असं धरून चालू नका. अप्पांनाही त्यांनी हेच जरा मऊ करून सांगितलं. अप्पा "हो, हो" म्हणाले. मधेच बस थांबवा म्हणणाऱ्या प्रवाशांना ते जन्मभर याच सुरात "हो, हो" म्हणत आले होते.

दुपारपुरतं माझ्याकडे येऊन पडा, एवढंच कात्रीचं म्हणणं होतं. तिनं विनवलं, टोमणे मारले, दोन दिवस अबोला धरला. अबोला अप्पांच्या लक्षात आला नाही, तेव्हा तिनंच तो मोडला. जावयानं फोन करून बघितला. त्याला "जावईबापू, येऊ की, जरा थंडी पडू द्या," असं उत्तर मिळालं. अप्पांचा हुकमी एक्का म्हणजे इंजिन. जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच पत्र्याच्या झाकणाखाली असे, आणि त्या झाकणावर अप्पांनी नोकरीभर जेवणाचा डबा गरम केला होता. असा माणूस उकाड्याला भीक घालणार कसा?

"अप्पा, बातम्या बघता ना?" एकदा तिनं वैतागून विचारलं. "आम्ही रोज घसा फोडून सांगतोय."

"बघतो की. दुपारचं बातमीपत्र चुकवत नाही. तुमच्यातच तर सगळं ठीक दाखवतात."

सगळं ठीक कधी दाखवलं, हे काही केल्या तिला आठवेना. म्हातारपणी माणसं सोयीचं तेवढंच ऐकतात, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

उलगडा झाला तो तिच्या सुट्टीच्या दिवशी. भर दुपारी कलिंगड काखेत मारून ती वर चढली. दार ढकललं तशी आतली हवा तिच्या तोंडावर येऊन आपटली. वीज गेली तर असावी म्हणून फडताळावर उभी करून ठेवलेली मेणबत्ती कमरेत वाकली होती, खाली पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी. अप्पा बनियनवर खुर्चीत बसले होते. समोर टीव्ही चालू होता, तिचीच वाहिनी लागली होती, आणि खोलीत चिडीचूप होतं.

"आवाज गेला का टीव्हीचा?"

"मी घालवला. नोकरीभर पाठीमागे माणसं बोलत होती. आता समोरून कशाला?" मग तिचा चेहरा पाहून अप्पांनी समजुतीनं सांगितलं, की आवाज लागतोच कशाला? ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात बघून त्यांना सगळं कळायचं, कोण भांडतंय, कुणाचं उतरायचं राहिलंय, कुणाच्या पोटात ढवळतंय. आरशाला कधी आवाज होता का?

इतक्यात उष्णतेच्या लाटेची बातमी सुरू झाली. आदल्या दिवशी कात्रीनंच ती लावली होती. त्यातलं वाक्य न् वाक्य तिला पाठ होतं. निवेदिकेचे ओठ हलत होते, ते सांगत होते की वरच्या मजल्यांवर एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सगळ्यात जास्त धोका आहे, दुपारी त्यांना तिथे राहू देऊ नका. पडद्यावर पोरं कारंज्यात उड्या मारत होती.

अप्पा खुशीत हसले. "पोरांची चंगळ आहे यंदा. आमच्या वेळी चौकात कारंजं नव्हतं."

मग आइस्क्रीमवाली मुलगी झाली, कुत्रा झाला आणि शेवटी, शास्त्रज्ञांचं म्हणणं सांगताना, भाऊसाहेब आले.

"हा आला पुन्हा," अप्पा म्हणाले. "हाडं वर आलीत बिचाऱ्याची. हवा बिघडलीय ती त्याच्या गावची. त्याचं काहीतरी बघा तुम्ही लोक."

कात्री कलिंगड धरून तशीच उभी राहिली. इतकी वर्षं आपण रोज दुपारी आपल्याच बापाला काय सांगत आलो, हे तिला पहिल्यांदा दिसलं. उन्हाळा म्हणजे कारंजं, आणि संकट असलंच तर ते लांब, बर्फावर, अस्वलाच्या वाट्याला. बाप हट्टी होता, पण न ऐकणारा नव्हता. तिनं जे दाखवलं ते त्यानं निमूटपणे मानलं होतं. आता ओरडून उपयोग नव्हता. जे सांगायचं ते दाखवूनच सांगायला हवं होतं, आणि ते लवकर, कारण लाट अजून चढतच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं वृत्तसंपादकांना गाठलं. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रेक्षक कधीही उठून दुसरीकडे जातील या भीतीत त्यांचं तारुण्य गेलं होतं.

"म्हणजे नुसती खोली?" ते म्हणाले. "खोलीत काय आहे?"

"उकाडा आहे, सर."

"तो दिसतो का?"

"नाही दिसत. तोच तर घोळ आहे."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. खोलीत एक म्हातारा बसलाय हे बघून लोकांना ती पेन्शनची बातमी वाटेल, अशी त्यांना खात्री होती. कारंजं काढायला ते कसेबसे तयार झाले, पण भाऊसाहेबांवरून अडून बसले. भाऊसाहेब नसतील तर बातमी कशाबद्दल आहे हे लोकांनी ओळखायचं कसं? शेवटी, सुरुवातीला भाऊसाहेब तोंड दाखवून जातील आणि मग खोली, यावर तोडगा निघाला.

चित्रीकरणाला तिनं खांबाला घेतलं. खांब म्हणजे वाहिनीतला सगळ्यात उंच कॅमेरामन, आणि सगळ्यात कमी बोलणारा. अप्पांना तिनं खरं तेच सांगितलं, की वरच्या मजल्यावरच्या खोल्या तापतात त्याची बातमी आहे, नमुना म्हणून तुमची खोली हवी आणि खोलीत तुम्ही हवेत. अप्पा हरखले. खोलीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. टीव्हीवर यायला मात्र त्यांची तयारी होती. मंडळी पोचली तेव्हा ते अंघोळ करून, ठेवणीतला पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत लावून, हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. खांबानं ते हसू सगळ्या बाजूंनी टिपलं. मग त्यानं कॅमेरा मागच्या कोपऱ्यात नेला आणि विचारलं, "अप्पा, मागून घेऊ का थोडं?"

"मागून काय दिसणार? घ्या की."

खांबाला घाई नसते. तो वाकलेल्या मेणबत्तीजवळ गेला, भिंतीवर तळहात टेकवून चटकन उचलला, नळाखाली बोटं धरून मागे घेतली, आणि पुन्हा कोपऱ्यात येऊन उभा राहिला. त्याची सवय झाली तसे अप्पा त्याला विसरले. हसू उतरलं. शर्टाचं वरचं बटण निघालं, मग सगळीच निघाली, शर्ट खुर्चीच्या पाठीवर आला. मान पुढे झुकली. पाण्याच्या पेल्याकडे गेलेला हात पेल्याच्या शेजारी पडला, जरा थांबला आणि मग पुन्हा निघाला. कात्री दारात उभी राहून हे बघत होती. पुढे होऊन पेला हातात द्यावा असं तिच्या मनात आलं आणि ती पुढे झालीही, पण तेवढ्यात हात पोचला होता. थोड्या वेळानं कॅमेऱ्यानं आपण फार तापलो आहोत असं स्वतःच्या पडद्यावर लिहून दाखवलं आणि तो बंद पडला. अप्पांनी तसं कधी लिहून दाखवलं नव्हतं.

संकलनाला बसल्यावर तिनं आधी हसू काढून टाकलं. जड गेलं, कारण ते छान आलं होतं. मेणबत्ती ठेवली, भिंतीवरून उचललेला हात ठेवला, आणि मग पाठीमागून दिसणारा माणूस, झुकलेली मान, चुकलेला हात. तो तुकडा तिनं लांबच ठेवला. पडद्यावर इतका वेळ काही न घडणं हा त्या खोलीत गुन्हा समजला जाई. संपादक मागे येऊन उभे राहिले, त्यांनी दोनदा खाकरून बघितलं, पण तुकडा संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

"जाऊ दे," ते म्हणाले. "दुपारचंच बातमीपत्र आहे."

बातमी लागणार होती त्या दुपारी कात्री रजा टाकून अप्पांकडे गेली. अप्पांनी शेजारच्या खुर्चीवर उशी ठेवून तिला बसायला जागा केली होती. आवाज अर्थातच बंद होता. पहिले भाऊसाहेब आले आणि अप्पांनी त्यांची ओळखीच्या माणसासारखी दखल घेतली. मग खोली आली तसे ते ताठ बसले.

"आपलं फडताळ. बरं दिसतंय. मेणबत्ती तेवढी बदलायला हवी होती."

मग ती पाठ आली. अप्पा जरा पुढे सरकले.

"हा कोण? माझ्या खुर्चीत कुणाला बसवलंत?"

कात्रीनं पडद्याकडे बोट केलं. बोलायचं तिनं ठरवलंच नव्हतं. पडद्यावर हात पेल्याकडे गेला आणि चुकला. अप्पांचे डोळे बारीक झाले. त्यांची मान किंचित वर झाली, नजर डोक्यावर कुठेतरी लावलेल्या आरशात गेल्यासारखी.

"या माणसाचं काही खरं नाही," ते हळू म्हणाले. "मान बघ त्याची. असा कुणी दिसला की मी गाडी बाजूला घ्यायचो. झाडाखाली. मागचे बोंबलायचे, बोंबलू देत. त्याला आधी खाली उतरवा आणि पाणी पाजा. घरचं कुणी नाही का याला?"

"आहे. मुलगी आहे."

"मग ती काय करते?"

"सांगून दमली. ऐकत नाही तो."

पडद्यावरच्या माणसानं पेल्याच्या शोधात मान अर्धी वळवली. कान दिसला, कानामागचा मोठा काळा मस दिसला. अप्पांचा हात सावकाश आपल्या कानामागे गेला आणि तिथेच राहिला. निवेदिका परत आली, पुढची बातमी सुरू झाली, कुठल्याशा पुलाची फीत कापली गेली. अप्पांचा हात काही खाली आला नाही.

मग त्यांनी विचारलं, "तो शर्टातला कुठे गेला? हसलो होतो मी."

"कापला."

"अख्खा?"

"अख्खा."

"चांगला शर्ट होता," अप्पा म्हणाले. ते उठायला गेले, खुर्चीचा हात धरून जरा थांबले, मग उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, चपला शोधल्या, पाण्याची बाटली उचलून तिच्या हातात दिली. "चल. पण आजच्यापुरतं हं. रोज नाही."

ती "हो, हो" म्हणाली.

जिना उतरायला वेळ लागला. प्रत्येक मजल्यावर अप्पा थांबत, इकडेतिकडे बघत, कुणी चढणार-उतरणार नाही याची खात्री करून घेतल्यासारखे पुढे निघत. खाली जावं तशी हवा हलकी होत गेली. तळाशी, पत्रपेट्यांजवळ, त्यांनी भिंतीला तळहात लावला. लावला तो काढेचनात. मग दुसराही लावला.

"गार आहे," ते म्हणाले. आवाजात आनंदापेक्षा तक्रार जास्त होती. "या खालच्या लोकांनी इतकी वर्षं बोलायला नको?"

'आजच्यापुरतं' तो सगळा उन्हाळा पुरलं. अप्पा दुपारी उतरत आणि संध्याकाळी, गच्चीवर कुणीतरी पाणी मारल्यावर, वर जात. पाणी कुणी मारायचं यावरून जावई आणि खांब यांच्यात पाळी ठरली होती. खांब त्यात कसा ओढला गेला हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. शेजाऱ्यांना अप्पांनी सांगितलं होतं की मुलगी-जावई दोघंही कामाला जातात, दिवसा घरावर कुणाची तरी नजर हवी. जावई दुपारी घरूनच काम करतो, हे शेजाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी माना डोलावल्या.

वाहिनीवर त्या बातमीचा बराच गवगवा झाला, म्हणजे फोन आले. बहुतेकांनी मेणबत्ती कुठल्या कंपनीची होती असं विचारलं. एका बाईंनी मात्र सांगितलं की बातमी बघता बघता त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकांचं दार वाजवलं, काका आता त्यांच्याकडे दुपारी पत्ते खेळायला येतात आणि हरले की चिडतात. तो निरोप कात्रीनं दोनदा सांगायला लावला. वृत्तसंपादक फारच खूश होते. त्यांनी उष्णतेच्या कप्प्यातून कारंजं काढून टाकलं आणि त्या जागी मेणबत्ती ठेवली. उन्हाळा संपायच्या आत ती मेणबत्ती इतक्या बातम्यांत येऊन गेली की विजेच्या दरवाढीतसुद्धा ती वाकलेली दिसली. तिला टोपणनाव पडायला फार दिवस लागणार नाहीत, हे कात्रीला दिसतच होतं. तिनं संपादकांना सांगितलं की आता दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत जायला हवं, भट्टीवाल्याच्या, धोब्याच्या, शाळेच्या पत्र्याखालच्या वर्गात. संपादकांनी चष्मा पुसला आणि खांबाला विचार म्हणाले. खांब जिन्यात कॅमेरा घेऊन उभाच होता.

पहिल्या दिवशी मात्र घरी पोचल्यावर अप्पांनी गादी नाकारली, चटईही नाकारली, आणि बाहेरच्या खोलीत सरळ फरशीवर आडवे झाले. जावई चवड्यांवर चालू लागला. कात्रीनं पडदा ओढला. अप्पांनी डोळे मिटले होते, म्हणून ती दबक्या पावलानं आत वळली.

"ओल आहे तुमच्या घरात," डोळे न उघडता अप्पा म्हणाले.

"आहे, अप्पा. दुरुस्ती करायचीय."

"नको करू," ते म्हणाले, आणि कूस बदलून गाल फरशीला लावला.